ऊन, शासन आणि हाताला काम



गेल्या नाताळच्या आदल्या रात्रीची गोष्ट. मिस्सा आटोपून आम्ही मंडळी चर्चच्या अंगणात उभे होतो. थंडी बेताची होती, केकच्या तुकड्यांची देवघेव चालली होती, आणि अशा वेळी जुने विद्यार्थी हमखास भेटतात. तसा एक तरुण पुढे आला आणि म्हणाला, "बाई, ओळखलंत का?" मी ओळखले. दहावीत शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारा हा मुलगा. व्याकरणाशी त्याचे कधी जमले नाही. पण वर्गातला पंखा बंद पडला की शिपाई येण्यापूर्वी हा स्टुलावर चढलेला असे.

शाळा सुटल्यावर त्याने आय. टी. आय. मध्ये इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम केला, मग सौर विजेचे तीन महिन्यांचे शिक्षण घेतले आणि कच्छात एका मोठ्या सौर प्रकल्पाच्या उभारणीवर त्याला काम लागले. ही बातमी मला त्या वेळी त्याच्या आईने मोठ्या आनंदाने सांगितली होती. म्हणून मी विचारले, "मग, रजेवर आलास का?"

"नाही बाई, काम संपलं. प्रकल्प पुरा झाला ना! आठ महिने होतो. आमच्या तुकडीत दोनशे जण होते, आता दहा-बारा ठेवलेत. शेवटच्या दीड महिन्याचा पगार कंत्राटदाराकडे अजून अडकलाय."

त्या प्रकल्पाचा समारंभ झाला, त्या दिवशीचे वर्तमानपत्र मी वर्गात वाचून दाखविले होते. हजारो हातांना काम मिळणार, असे त्यात मोठ्या अक्षरांत छापले होते. ते खोटे होते, असे मला म्हणावयाचे नाही. दोनशे हातांना काम मिळाले, हे माझा विद्यार्थीच सांगत होता. फक्त ते किती दिवस मिळाले, हे वर्तमानपत्राने सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. आज आपणांपुढे मी जे चार शब्द बोलणार आहे, ते त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहेत. सूर्य आणि वारा यांपासून वीज निर्माण करण्याच्या उद्योगाला शासनाने पाठबळ द्यावे काय, आणि द्यावयाचे तर ते कशाला द्यावे, विजेला की माणसाला?

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. शासनाचा हात पाठीशी नसता तर हा उद्योग आपल्या देशात उभाच राहिला नसता. ऊन फुकट असते हे खरे. पण उन्हाची वीज प्रारंभी अतिशय महाग होती. गुजरात शासनाने आपले स्वतंत्र सौर धोरण जानेवारी २००९ मध्ये जाहीर केले. केंद्र शासनाची राष्ट्रीय सौर मोहीम त्यानंतर वर्षाने, म्हणजे ११ जानेवारी २०१० रोजी सुरू झाली. त्या काळी गुजरातच्या वीज नियामक आयोगाने सौर विजेला जो दर ठरवून दिला, तो आज ऐकला तर कोणालाही आश्चर्य वाटेल. पहिली १२ वर्षे युनिटला १५ रुपये आणि पुढली १३ वर्षे ५ रुपये! एवढा दर पंचवीस वर्षांच्या कराराने बांधून दिला, म्हणून तर पाटण जिल्ह्यातील चारणका येथे, रणाच्या कडेला, उद्योजक पैसा घेऊन गेले. एप्रिल २०१२ मध्ये तेथील सौर उद्यानाचे उद्घाटन झाले. हे १५ रुपये कोणी दिले? आपण दिले, वीजग्राहकांनी. आपल्या बिलात ते वेगळे दाखविलेले नव्हते, एवढेच.

त्या पैशाचे चीज झाले, असे माझे मत आहे. चीनमध्ये पॅनेलांचे प्रचंड कारखाने निघाले, जर्मनीसारख्या देशांनी चढ्या दराने खरेदी करून त्या कारखान्यांना बाजारपेठ मिळवून दिली, आणि किंमत कोसळत गेली. मध्य प्रदेशात रीवा येथील ७५० मेगावॅटच्या प्रकल्पाचा लिलाव फेब्रुवारी २०१७ मध्ये झाला, तेव्हा पहिल्या वर्षाचा दर २ रुपये ९७ पैशांवर आला. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्याच एका लिलावात १ रुपया ९९ पैशांची बोली लागली. ज्या राज्याने दहा वर्षांपूर्वी १५ रुपये कबूल केले होते, त्याच राज्यात! राष्ट्रीय मोहिमेचे पहिले उद्दिष्ट २०२२ पर्यंत २० हजार मेगावॅट एवढे होते. २०१५ मध्ये ते वाढवून १ लाख केले. २०२२ साल संपले तेव्हा गाडी ६३ हजारांच्या आसपास पोहोचली होती, म्हणजे उद्दिष्ट चुकले. तरी जानेवारी २०२५ मध्ये १ लाखाचा टप्पा ओलांडला गेला. शाळेत आम्ही अशा मुलाला उशिरा आल्याबद्दल बोलतो, पण आत घेतो.

तेव्हा विजेचा भाव हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे. आता शासनाने भाव देण्यापेक्षा दिलेला शब्द पाळावा, हे अधिक महत्त्वाचे झाले आहे. सौर पॅनेल पंचवीस वर्षे चालते, आणि आपले विधिमंडळ पाच वर्षांनी बदलते. या दोन आकड्यांतच सारी अडचण आहे.

स्पेन देशाचे उदाहरण पाहा. तेथील शासनाने २००७ मध्ये सौर विजेला फार उदार दर जाहीर केला. परिणाम असा झाला की, २००८ या एका वर्षात तेथे सुमारे २,६०० मेगावॅटची भर पडली. शेतकऱ्यांपासून दंतवैद्यांपर्यंत सर्वांनी आपली पुंजी त्यात घातली. शासन घाबरले. सप्टेंबर २००८ मध्ये त्याने वर्षाला ५०० मेगावॅट अशी मर्यादा घातली, आणि पुढील काही वर्षांत तर आधी कबूल केलेले दरही कापले. मोठ्या परदेशी कंपन्यांनी आंतरराष्ट्रीय लवादाकडे धाव घेतली आणि त्यांपैकी कित्येकांना भरपाईचे निवाडेही मिळाले. शिडीवर उभा राहून पॅनेल बसविणाऱ्या माणसाला मात्र कोणत्याही लवादाचे दार उघडे नव्हते. २००९ मध्ये तो घरी बसला. जर्मनीने २००० साली कायदा करून वीस वर्षांची दरहमी दिली. तेथे दिलेला शब्द मोडला गेला नाही, पण नव्या प्रकल्पांचे दर २०१२ च्या सुमारास झपाट्याने उतरविले गेले, त्यात चिनी मालाची स्पर्धा आली, आणि २०११ मध्ये ज्या धंद्यात लाखाहून अधिक माणसे होती तेथे चार-पाच वर्षांत निम्मीही उरली नाहीत. अमेरिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये या उद्योगासाठी मोठा कायदा केला. जुलै २०२५ मध्ये नव्या सरकारने त्याच्या अनेक सवलती काढून घेतल्या, आणि घराच्या छपरावर पॅनेल बसविणाऱ्यास मिळणारी करसवलत त्या वर्षाच्या अखेरीसच बंद झाली.

दूर कशाला जा? आंध्र प्रदेशात २०१९ मध्ये सरकार बदलले. नव्या सरकारने आधीच्या सरकारने केलेले पवन आणि सौर विजेचे करार महाग आहेत, असे म्हणून ते पुन्हा तपासण्यासाठी समिती नेमली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, कराराप्रमाणेच पैसे चुकते केले पाहिजेत. निर्णय योग्यच झाला. पण मधली तीन वर्षे गेली ती गेलीच. महाग करार केला असेल तर जनतेच्या पैशाची काळजी नव्या सरकारने करू नये काय, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो वावगा नाही. माझे उत्तर एवढेच की, सही करण्यापूर्वी घासाघीस करावी. सही झाल्यावर करू नये. वर्गात मी एकदा सहलीचे कबूल केले आणि मग नाही म्हटले, तर पुढील वर्षभर ती मुले माझा कोणताही शब्द खरा मानीत नाहीत. भांडवलदारांचेही तसेच असावे.

आता माझ्या विद्यार्थ्याकडे वळू. सरकारचा शब्द टिकला, प्रकल्प उभा राहिला, वीज सुरू झाली, तरी त्याचे काम का गेले?

दोन वर्षांपूर्वी मी मुलांची सहल घेऊन शहराजवळच्या नर्मदा शाखा कालव्यावर गेले होते. त्या कालव्यावर सुमारे साडेतीन किलोमीटरपर्यंत पॅनेलांचे छप्पर घातले आहे. १० मेगावॅटचा हा प्रकल्प जानेवारी २०१५ मध्ये, संयुक्त राष्ट्रसंघाचे त्या वेळचे सरचिटणीस बान की-मून यांच्या उपस्थितीत सुरू झाला. कल्पना मोठी सुरेख आहे. जमीन अडत नाही, खालचे पाणी उन्हात कमी आटते, आणि पाण्याच्या गारव्याने पॅनेलही थोडी अधिक वीज देतात. लोखंडी सांगाड्याचा खर्च मात्र वाढतो. हे सारे मी मुलांना सांगितले. तेवढ्यात एका मुलीने विचारले, "बाई, इथं कामाला माणसं कुठं आहेत?" आम्ही सभोवार पाहिले. त्या दुपारी आमच्या नजरेस एक रखवालदार आणि दोन माणसे एवढीच पडली. सौर प्रकल्पाचा हाच गुण आहे आणि हाच त्याचा दोषही आहे. त्यात फिरणारे, झिजणारे असे यंत्र जवळजवळ नाही; कोळसा टाकावा लागत नाही, राख उपसावी लागत नाही. धूळ धुतली, गवत कापले, तारा तपासल्या की ऊन आपले काम आपण करते.

दोन संस्थांनी २०१७ मध्ये या विषयाचा अभ्यास करून काही आकडे मांडले, ते मला फार बोलके वाटतात. मोकळ्या जमिनीवरील मोठ्या सौर प्रकल्पात एका मेगावॅटमागे सुमारे साडेतीन मनुष्य-वर्षे काम निर्माण होते, पवनचक्क्यांत सव्वा, आणि घरांच्या छपरांवर तीच एक मेगावॅट वीज बसवावयाची तर जवळजवळ पंचवीस! मनुष्य-वर्ष म्हणजे एका माणसाचे वर्षभराचे काम. दोन माणसांनी सहा-सहा महिने केले तरी ते एकच मोजावयाचे. पुढाऱ्याच्या भाषणातील "इतके लाख रोजगार" हा आकडा पुष्कळदा अशा मनुष्य-वर्षांतून निघालेला असतो, आणि ऐकणाऱ्याला मात्र तेवढ्या नोकऱ्या ऐकू येतात. आमच्या मुलाचे आठ महिने त्या हिशेबात दोन-तृतीयांश रोजगार ठरतात.

छपरावर एवढे काम का निघते, ते आपल्या वडोदऱ्याच्या जुन्या वस्तीत एक चक्कर मारली तरी उमजते. कोणतेही दोन कौलारू माळे किंवा दोन गच्च्या सारख्या नाहीत. एके ठिकाणी पाण्याच्या टाकीची सावली पडते, दुसरीकडे शेजाऱ्याच्या आंब्याची. कोणीतरी येऊन माप घ्यावे लागते, सांगाडा त्या गच्चीपुरता वेगळा जोडावा लागतो, अर्थिंग करावे लागते, वीज कंपनीकडून दोन्ही बाजूंनी मोजणारा मीटर आणावा लागतो; आणि घरच्या आजोबांना, वीज आपण कंपनीला कशी विकणार, हे तीनदा समजावून सांगावे लागते. शिवाय हे काम गावातच होते. कच्छात तंबूत राहून करावे लागत नाही. संध्याकाळी माणूस घरी जेवतो.

केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये "पीएम सूर्यघर" योजना काढली आहे. १ कोटी घरांवर पॅनेल बसवावयाची, त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपये, आणि घरमालकास एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन व त्यापुढे ७८ हजार रुपये अनुदान, अशी तिची रूपरेषा आहे. या योजनेतून सुमारे १७ लाख प्रत्यक्ष रोजगार निर्माण होतील, असे शासनाने म्हटले आहे. गुजरात या बाबतीत आघाडीवर आहे, आणि मला ही योजना मनापासून पसंत आहे. मोठ्या सौर उद्यानाला दिलेला रुपया आणि छपराला दिलेला रुपया यांत माणसाच्या हातात अधिक कोणता पडतो, हे वरील आकड्यांवरून उघड आहे. पण मी त्या १७ लाखांपुढे एक साधा प्रश्न लिहून ठेवला आहे: किती वर्षे? एक कोटी घरे झाल्यावर ही माणसे काय करतील? पॅनेल धुण्यापासून इन्व्हर्टर बदलण्यापर्यंत देखभालीचे काम निघेल, नाही असे नाही. इन्व्हर्टर तर दहा-बारा वर्षांत बदलावाच लागतो. परंतु ते काम कोणाला द्यावयाचे, त्याचा मोबदला किती, त्याला विमा आहे की नाही, याचा विचार अनुदानाच्या कागदात शोधूनही फारसा सापडत नाही. गच्चीच्या कठड्याशी वाकून काम करणाऱ्या माणसाच्या कमरेला पट्टा नसतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

येथे मला कलाभवनाची आठवण होते. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी ही संस्था १८९० मध्ये स्थापन केली आणि प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती तिची सूत्रे दिली. रंगकाम, यंत्रविद्या, रसायन असे विषय तेथे शिकविले जात, आणि शिक्षणाचे माध्यम लोकांची भाषा हे होते. इंग्रजी येत नाही म्हणून कारागिराच्या मुलाला दारातून परत जावे लागू नये, हा त्यामागील हेतू. आपले दादासाहेब फाळकेही काही काळ तेथे शिकले. पुढे ही संस्था महाराज सयाजीराव विश्वविद्यालयाच्या तंत्रविद्या विभागात विलीन झाली. महाराजांनी गिरण्यांना नुसत्या सवलती दिल्या असत्या आणि हात तयार केले नसते, तर रंगारी आणि यंत्रज्ञ बाहेरून आणावे लागले असते.

आजच्या काळी शासनाने "सूर्यमित्र" नावाचा अभ्यासक्रम २०१५ मध्ये सुरू केला. सहाशे तासांचे, सुमारे तीन महिन्यांचे निवासी शिक्षण. पाच वर्षांत ५० हजार तरुण तयार करण्याचा संकल्प होता. माझ्या विद्यार्थ्याने केले ते शिक्षण याच धर्तीचे. त्याने मला आपली वही दाखविली. आकृत्या नीटस होत्या, पण शब्द सारे इंग्रजी, आणि त्यांतील निम्म्यांचा अर्थ तो हाताने दाखवीत होता, तोंडाने सांगू शकत नव्हता. सव्वाशे वर्षांपूर्वी जे सयाजीरावांना सुचले ते आज अवघड का वाटावे? प्रमाणपत्र देऊन शासनाचे काम संपते, अशी समजूत दिसते. प्रमाणपत्रानंतर दुसऱ्या वर्षी त्यातील किती जण त्याच धंद्यात आहेत, ही गणना प्रत्येक राज्याने दरसाल छापावी. आमच्या शाळेचा दहावीचा निकाल छापला जातोच ना!

मोठ्या प्रकल्पांच्या बाबतीत आणखी एक माणूस नजरेआड होतो. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातील पावगडा येथे २,०५० मेगावॅटचे सौर उद्यान आहे. पाच गावांची सुमारे १३ हजार एकर जमीन त्यात गेली. पण विकत घेतली नाही, भाड्याने घेतली. एकराला वर्षाला २१ हजार रुपये आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ. दुष्काळी मुलखातल्या जमीनमालकाला हा व्यवहार मानवला. परंतु त्या जमिनीवर भुईमूग काढणारा, निंदणी करणारा जो भूमिहीन मजूर होता, त्याच्या नावावर एकर नव्हता, म्हणून भाडेही नव्हते. आणि शेत गेले म्हणून कामही नव्हते. चारणकाच्या बाजूलाही सरकारी दप्तरात जी जमीन पडीक, तीच रबारी लोकांच्या गुरांचे कुरण होती. स्वच्छ विजेचे हे हिशेब अस्वच्छ राहू नयेत, असे वाटते.

उलट बाजूची दोन उदाहरणे सांगतो तो माणूस आशावादी समजला जातो, मीही सांगते. खेडा जिल्ह्यात ढुंडी नावाचे लहानसे गाव आहे. तेथे सहा शेतकऱ्यांनी डिझेलचे पंप सोडून सौर पंप घेतले, आपली सहकारी मंडळी स्थापन केली, आणि २०१६ पासून पाणी उपसून उरलेली वीज ते एकत्र जमवून वीज कंपनीला विकू लागले. वडोदऱ्यात जिचे मुख्य कार्यालय आहे त्या मध्य गुजरात वीज कंपनीने त्यांच्याशी पंचवीस वर्षांचा करार केला: युनिटला ४ रुपये ६३ पैसे. त्याच्या मोबदल्यात या शेतकऱ्यांनी स्वस्त सरकारी विजेची जोडणी मागण्याचा आपला हक्क सोडला. सौर पंप फुकट चालतो म्हणून विहीर उपसून कोरडी करण्याचा मोह होतो. वीज विकता आली तर तो मोह आवरतो, हे यातील मर्म आहे. आणंदच्या दूधवाल्यांच्या शेजारी हे घडावे, यात नवल नाही. लिटरचा हिशेब जाणणाऱ्यांना युनिटचा हिशेब परका वाटला नसावा. शासनाने येथे काय दिले? प्रारंभी बाहेरच्या संशोधन संस्थेचे आर्थिक साहाय्य होते; वीज कंपनीने दिली ती एक सही, आणि तिची मुदत पंचवीस वर्षे.

दुसरे उदाहरण इंदूरचे. तेथील मंडळींना ठाऊकच आहे की, त्यांच्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून, विंध्याचा चढ चढवून आणावे लागते, आणि नगरपालिकेच्या तिजोरीतला केवढा तरी पैसा त्या विजेत जातो. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महानगरपालिकेने जलूद येथे ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी २४४ कोटींचे हरित कर्जरोखे काढले, आणि ते सामान्य नागरिकांनाही खुले ठेवले. व्याज सव्वाआठ टक्के. लोकांनी सातशे कोटींहून अधिक रकमेची मागणी नोंदविली. राजकीय पाठिंबा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मंत्र्याची सही येते. पण ज्याने आपल्या बचतीतले चार पैसे त्या रोख्यात घातले, तो पुढल्या निवडणुकीत नगरसेवकाला प्रकल्पाची चौकशी केल्याशिवाय सोडणार नाही. हा पाठिंबा टिकाऊ असतो.

कोळशाच्या माणसांचाही विचार या विषयात आलाच पाहिजे, कारण नवे काम बहुधा जुन्या कामाच्या गावी येत नाही. चंद्रपूर-वणीच्या खाणीतला कामगार कच्छात जाऊन पॅनेल बसविणार नाही. एकट्या कोल इंडियाच्या हजेरीपटावर आजही दोन लाखांहून अधिक माणसे आहेत, कंत्राटी वेगळी. ज्या स्पेनने सौर धंद्याला दिलेला शब्द मोडला, म्हणून मी मघाशी त्याला नावे ठेवली, त्याच स्पेनने ऑक्टोबर २०१८ मध्ये एक चांगली गोष्ट केली. बहुतेक कोळसा खाणी बंद करण्यापूर्वी शासन, कामगार संघटना आणि खाणमालक एकत्र बसले, आणि २५ कोटी युरोंचा करार झाला. वयाने मोठ्यांना लवकर निवृत्तिवेतन, धाकट्यांना नवे शिक्षण, आणि खाणी होत्या त्या भागाची साफसफाई व डागडुजी करण्याचे काम आधी त्याच कामगारांना. हा करार आधी झाला आणि मग खाणींना कुलूप लागले, हा क्रम आपल्याकडील पुढाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखा आहे. आपल्याकडे कुलूप आधी लागते. मुंबईच्या गिरणगावाला ते सांगावयास नको.

परदेशाचे एकच मोठे चित्र सांगते आणि पुरे करते. २०२३ मध्ये साऱ्या जगात या नव्या विजेच्या धंद्यांत सुमारे १ कोटी ६२ लाख माणसे होती, आणि त्यांपैकी ७४ लाख एकट्या चीनमध्ये. भारतात सुमारे १० लाख, त्यांतही सर्वांत मोठा वाटा जलविद्युतीचा. चीनची एवढी माणसे कोठून आली? मुख्यत्वे कारखान्यांतून. आपणही २०२१ पासून पॅनेलांच्या कारखान्यांना उत्तेजनाचे पैसे देत आहोत, १ एप्रिल २०२२ पासून बाहेरच्या पॅनेलांवर ४० टक्के जकातही बसविली गेली, आणि आपल्या गुजरातेत चिखली, मुंद्रा येथे मोठे कारखाने चालू झाले. हे काम तरी उद्घाटनानंतर संपत नाही. जकातीमुळे पॅनेल महागते हे खरे असले, तरी शिक्षणाप्रमाणे धंद्यालाही काही वर्षांची फी भरावी लागते. कायमची भरावी लागू नये, एवढे पाहिले पाहिजे.

आमच्या मुलाचे पुढे काय झाले, हे विचारणारे श्रोते असतील. नाताळनंतर त्याने शहरातच एका लहान दुकानदाराकडे काम धरले. गच्च्यांवर पॅनेल बसवितो, रोजावर. गेल्या महिन्यात तो आमच्या वस्तीतील एका इमारतीवर आला होता, तेव्हा मी मुद्दाम वर जाऊन पाहिले. कमरेला पट्टा होता; स्वतःच्या पैशांनी विकत घेतला, म्हणाला. दुकानदार भला आहे, पण घरमालकांचे अनुदान जमा व्हावयास वेळ लागतो, तोवर त्याचीही उधारी थकते आणि शनिवारचा रोज कधी मंगळवारी मिळतो. कच्छचे दीड महिन्याचे पैसे अजून आलेले नाहीत. त्यासाठी कामगार खात्याकडे द्यावयाचा अर्ज मी त्याला मराठीत लिहून दिला आणि आमच्या शाळेतील गुजरातीच्या शिक्षकांनी त्याचे गुजराती करून दिले. पावती क्रमांक त्याने आपल्या हेल्मेटच्या आत पेनने लिहून ठेवला आहे.

काम किती दिवसांचे आहे, हे या वेळी मी विसरले नाही, विचारले. मार्चअखेरपर्यंतच्या गच्च्या ठरलेल्या आहेत, असे तो म्हणाला.